तिसरी पाळी बंद झाली म्हणून राजीनामा?

'ताई, मी वाळूजच्या एका औषध कंपनीत १९ वर्षं आहे. बीएस्सी केमिस्ट्री करून ट्रेनी म्हणून लागलो, आता टॅब्लेटच्या ग्रॅन्युलेशनला (पावडरचे दाणे करण्याच्या विभागात) ज्युनिअर ऑफिसर आहे. वय ४४. पगार ४२ हजार, त्यात बेसिक आणि डीए मिळून २१ हजार. गेल्या वर्षी परदेशी ऑडिटमध्ये बरीच ऑब्झर्व्हेशन्स (त्रुटी) निघाली, तेव्हापासून ऑर्डरी कमी आहेत. तिसरी पाळी बंद झाली, कंत्राटी पोरांना ब्रेक दिला. दोन प्रॉडक्ट दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला चाललेत. एचआर म्हणतो, अफवांवर विश्वास ठेवू नका. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मात्र रोज बंद होण्याची नवी तारीख येते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. परवा ड्रायरच्या तापमानाची एक नोंद बीएमआरमध्ये (बॅचच्या नोंदींच्या कागदांत) राहून गेली. घराचं कर्ज अजून ७ वर्षं आहे, मुलगी बारावीला आहे. बायकोला काही सांगितलेलं नाही. आत्ताच राजीनामा देऊन दुसरीकडे जाऊ, की थांबू?'
– एक वाचक, बजाजनगर

नमस्कार भाऊ,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे जागेअभावी कापून दिलं. त्यातली साडेतीन पानं कंपनीचं काय होणार यावर आहेत, आणि बीएमआरमधली नोंद राहिली हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. मला सगळ्यात जास्त धास्ती त्या ओळीची वाटली.

नोंद राहिली, मग पुढे काय केलंत? हे पत्रात नाही. शिफ्ट संपता संपता आठवलं आणि साधारण असेल तो आकडा मागची वेळ टाकून भरला, असं झालं असेल तर आजच सुपरवायझरला सांगा आणि क्यूएकडे, म्हणजे गुणवत्ता विभागाकडे, जा. डेव्हिएशन (ठरल्या पद्धतीत चूक झाल्याची नोंद) पडेल, चार बोल ऐकावे लागतील, री-ट्रेनिंगच्या कागदावर सही करावी लागेल. पडू दे. आपल्या धंद्यात चूक खपते, मागची वेळ टाकून भरलेला आकडा खपत नाही. ऑडिटला येणारे लोक यंत्रातल्या वेळा आणि कागदावरच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून बघतात, हे तुम्ही गेल्या वर्षी पाहिलं असेलच. उद्या प्लांट खरंच बंद पडला तर 'प्लांट बंद झाला म्हणून आलो' हे उत्तर कुठल्याही इंटरव्ह्यूत चालतं. नावाला डेटाची भानगड चिकटली तर वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण, कुठेच चालत नाही, कारण या चार वसाहतींत क्यूएची माणसं एकमेकांना नावानिशी ओळखतात.

आणि झोप. दोन वाजेपर्यंत जागं राहून सकाळी पहिल्या पाळीला ड्रायरसमोर उभं राहायचं, हे फार दिवस चालणार नाही. आणखी दोन आठवडे असंच राहिलं तर फॅमिली डॉक्टरला सरळ सांगा. सरकारची टेली-मानस नावाची हेल्पलाइन आहे, १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. वेड लागल्यावर करायचा फोन तो नाही. दात दुखला की आपण दातांच्या डॉक्टरकडे जातो, तसंच हे.

आता प्लांटबद्दल. मी ज्योतिषी नाही, पण एका बंद पडलेल्या प्लांटमधून बाहेर पडलेली आहे, म्हणून थोडं सांगू शकते. मी मुंबईजवळच्या एका औषध कंपनीत क्यूएला होते. २००३ साली केंद्र सरकारने हिमाचल आणि उत्तराखंडला नव्या कारखान्यांसाठी अबकारी करात दहा वर्षांची सूट जाहीर केली आणि मुंबई-ठाण्याच्या कंपन्यांची तोंडं हिमाचलातल्या बद्दीकडे वळली. आमच्याकडे वर्षभर कोणी काही बोललं नाही. मग एक दिवस तिकडची सहा पोरं 'ट्रेनिंग'ला आली. आमच्याच ऑपरेटरांनी त्यांना आमचंच प्रॉडक्ट शिकवलं, कॅन्टीनमध्ये शेजारी बसवून जेवू घातलं. तेव्हाही आम्ही म्हणत होतो की मागणी वाढली असेल, दोन्हीकडे चालवतील. आज त्या जागेवर तीन टॉवर आहेत, खाली स्विमिंग पूल आहे. आमचं कोटिंग जिथे होतं साधारण तिथेच असावा.

हे सांगते ते घाबरवायला नाही. चिन्हं कोणती बघायची ते कळावं म्हणून. तिसरी पाळी बंद होणं हे ऑर्डर कमी असल्याचं चिन्ह आहे, त्यापलीकडे त्यात काही वाचू नका. दोन प्रॉडक्ट दुसरीकडे जाणंही तेवढ्याने निर्णायक नाही. ऑडिटमध्ये अडचण आली की परदेशातला माल थांबू नये म्हणून कंपन्या दुसरी साइट तयार ठेवतात. ऑडिटनंतर परदेशी औषध खात्याचं वॉर्निंग लेटर मिळालेले प्लांट त्यातून बाहेर आल्याची उदाहरणं आपल्या देशात पुष्कळ आहेत, वेळ मात्र लागतो, कधी कधी वर्षं जातात. मी तुमच्या जागी असते तर पैसा कुठे चाललाय ते बघितलं असतं. ऑब्झर्व्हेशन्सची उत्तरं द्यायला बाहेरचे कन्सल्टंट आणलेत का? एअर हँडलिंगचं, पाण्याच्या सिस्टिमचं काम निघालंय का? यंत्रांचे एएमसी (वर्षभराच्या देखभालीचे करार) नव्याने झाले का, की 'पुढच्या महिन्यात बघू' चाललंय? कच्चा माल तीन महिन्यांचा येतोय की बॅचपुरता? ज्याला घर विकायचं आहे तो गळक्या छपरावर खर्च करत नाही.

छोट्या आणि मधल्या कंपन्यांमध्ये आणखी एक गोष्ट आहे. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम, लागू झाल्यापासून जुन्या इमारती नव्या नियमांत बसवायला मोठा खर्च येतो. २५० कोटींच्या आतल्या उलाढालीच्या कंपन्यांना त्यासाठी वाढीव मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. तुमचा प्लांट जुना असेल तर परदेशी ऑडिटइतकाच हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे: मालकांनी इमारतीवर खर्च केला का?

एचआरच्या पोराला मात्र सोडा. त्याला बहुतेक तुमच्याइतकंच माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते बोलायची त्याला परवानगी नाही. विचारायचंच असेल तर स्टॅबिलिटी (औषध किती टिकतं ते) बघणाऱ्याला, परचेसवाल्याला, इंजिनिअरिंग स्टोअरच्या माणसाला विचारा. आमच्याकडे बंद होणार हे सगळ्यात आधी स्टोअरकीपरला कळलं होतं.

तो ग्रुप म्यूट करा. सोडू नका, सोडलात तर 'हा मॅनेजमेंटचा माणूस' म्हणतील. रात्री जेवण झाल्यावर एकदा उघडा आणि बंद करा. ज्या तारखा तिथे येतात त्या कोणाच्या तरी मेहुण्याच्या ड्रायव्हरकडून आलेल्या असतात. कायद्याने कारखाना अशा तारखेला, एका रात्रीत, बंद करताच येत नाही.

ते जरा नीट सांगते, कारण तुमच्या राजीनाम्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. आधी १०० कामगारांच्या कारखान्याला बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागायची, आता ती ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तरच लागते. अर्ज ९० दिवस आधी करावा लागतो आणि त्याची प्रत कामगारांच्या प्रतिनिधींनाही द्यावी लागते. सरकारने ६० दिवसांत काही कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. ३०० पेक्षा कमी, पण ५० किंवा जास्त कामगार असतील तर परवानगी नको, पण सरकारला ६० दिवसांची नोटीस हवी. हा ३०० चा आकडा मागच्या १२ महिन्यांच्या रोजच्या सरासरीने काढतात. म्हणून माणसं थेंबाथेंबाने कमी होत असतील तर ती का होतायत, हा प्रश्न युनियनने विचारायला हवा.

बंद झाल्यावर कामगाराला पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळतं. ग्रॅच्युइटी वेगळी. तिचा हिशेब तुम्हीच करा: २१ हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले १९. सुमारे २ लाख ३० हजार. ग्रॅच्युइटी तुम्ही आज स्वतःहून राजीनामा दिलात तरी मिळेल, पाच वर्षं केव्हाच झालीत. पण बंदची भरपाई राजीनामा देणाऱ्याला मिळत नाही. चौकशीला आलेला साहेब गोड बोलून 'आत्ताच राजीनामा दे, अनुभवाचं पत्र चांगलं देतो' म्हणाला तर तो तुमच्याकडून नेमकं काय घेतोय हे आता तुम्हाला कळेल.

आता त्यातली मेख. ही भरपाई 'कामगारा'ला मिळते, आणि तुम्ही ज्युनिअर ऑफिसर आहात. देखरेखीचं काम करणारा, महिना १८ हजारांच्या वर वेतन असलेला माणूस नव्या संहितेत कामगार धरला जात नाही. मॅनेजर तर नाहीच. बढती मिळाली तेव्हा घरी पेढे वाटले असतील, युनियनची पावती बंद झाली असेल, निळ्या शर्टाऐवजी पांढरा एप्रन आला असेल. पण कोर्टं पदाच्या नावावर जात नाहीत, रोजचं मुख्य काम काय ते बघतात. तुम्ही स्वतः आरएमजी (दाणे करणारा मिक्सर) आणि ड्रायर चालवता, वजन करता, बीएमआरमध्ये 'डन बाय'च्या रकान्यात तुमची सही असते, की तुम्ही चौघांना काम वाटून देता, त्यांच्या रजा मंजूर करता आणि 'चेक्ड बाय'ला सही करता? सध्याच्या आठवड्यात तुमचे आठ तास कशात जातात हे एका वहीत रोज लिहून ठेवा. घरी, स्वतःच्या हस्ताक्षरात. आणि एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा दाखवा. त्याची फी द्या. फुकट सल्ला ग्रुपवर मिळतोच आहे.

मी हे एवढं ताणून सांगते कारण माझ्या पाहण्यात मोठे कारखाने परवानगीच्या अर्जाने फारसे बंद झालेले नाहीत. ते व्हीआरएसने, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेने, बंद होतात. एक दिवस योजना लागते, पंधरा दिवसांची मुदत असते, पहिल्या आठवड्यात सही करणाऱ्याला जास्तीचे पैसे. लोक रांगा लावतात आणि उरलेल्यांना गेटवर एकटं पडल्यासारखं होतं. ती योजना आली तर रक्कम मोठी दिसते म्हणून हुरळू नका. आधी कागदावर मांडा: बंदची भरपाई (तुम्ही 'कामगार' ठरत असाल तर), ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, नोटीस पगार, बोनस. हे तसंही तुमच्या हक्काचं. योजनेचा आकडा या बेरजेच्या किती वर आहे तेवढंच तुम्हाला 'जास्तीचं' मिळतंय. योजना आयकराच्या नियमांत बसणारी असेल तर व्हीआरएसच्या रकमेवर ५ लाखांपर्यंत करसवलत असते, आणि ती आयुष्यात एकदाच.

दुसरा रस्ता बदलीचा. १९ वर्षांपूर्वीच्या नेमणूकपत्रात 'कंपनीच्या कोणत्याही ठिकाणी' असं कलम बहुधा असेल. बदलीचा कागद हातात पडला आणि तुम्ही नुसते गेला नाहीत तर बंद राहतो बाजूला, तुमच्यावर गैरहजेरीची कारवाई होते. तसा कागद आला तर त्याच दिवशी तोंडी भांडू नका. पोच द्या, लेखी उत्तरासाठी वेळ मागा आणि वकिलाकडे जा. आणि कोऱ्या कागदावर सही नाही. 'फॉर्मॅलिटी आहे' म्हटलं तरी नाही.

तर प्रश्नाचं उत्तर: राजीनामा आत्ता नको, पण थांबून बसूही नका. नोकरीत असतानाच दुसरी बघायला लागा. दुसऱ्या ठिकाणचं नेमणूकपत्र हातात आलं, पगार आणि घराचं गणित बसलं, की मग भरपाईचे पैसे सोडायचे का याचा विचार. ते ठरवणं सोपं नाही हे मान्य. चार लाखांची आशा धरून वर्षभर ताटकळत बसलेले आणि तेवढ्यात बाजारातली जागा गमावलेले लोकही मी पाहिलेत. ४४ व्या वर्षी हातातली चांगली नोकरी अनिश्चित भरपाईपेक्षा जड, असं माझं मत.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीत. एफडीएची, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची, अप्रूव्हल आहे का? बीएस्सी केमिस्ट्री आणि एवढा अनुभव असताना टॅब्लेटसाठी मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून अप्रूव्हल घेतली असेल तर ते पत्र सोन्याच्या अंगठीसारखं जपा. छोट्या कंपन्यांना लायसनवर दाखवायला असाच माणूस हवा असतो. घेतली नसेल तर कंपनी चालू आहे, अनुभवाच्या पत्रावर सही करणारा माणूस खुर्चीत आहे, तोवर ते काम करून घ्या. पत्रात 'प्रॉडक्शन' एवढंच नको, टॅब्लेट, कोणकोणती कामं, कुठल्या तारखेपासून, हे सगळं लिहून घ्या. बंद पडलेल्या कंपनीकडून पत्र मिळवायला मी स्वतः एका वकिलाच्या ऑफिसात अकरा चकरा मारल्यात.

घरच्या फाइलमध्ये हेही असू दे: नेमणूकपत्र, बढतीची पत्रं, मागच्या वर्षभराच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचा यूएएन. आधारवरचं आणि पीएफवरचं नाव, जन्मतारीख जुळते का ते आत्ता बघा, नंतर कंपनीची सही मिळणार नाही. पीएफ काढायची घाई करू नका. दहा वर्षांच्या वर नोकरी झाल्यामुळे तुम्हाला पेन्शनचा हक्कही आहे. मात्र फाइल तुमच्या कागदांची असू दे. एसओपी, बीएमआर, प्रॉडक्टचे आकडे यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवायचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. अजिबात नको. त्यावर पोलीस केस होऊ शकते, आणि चांगली कंपनी असा माणूस घेतही नाही.

कर्जाचे हप्ते सहा महिने भरता येतील एवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत नवी गाडी, नवा फ्लॅट, मुलीच्या नावाने भलीमोठी पॉलिसी, काही नको. एक खर्च मात्र आताच करा. कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबर जाते. स्वतःची वेगळी पॉलिसी आजच घ्या, कारण बीपी-शुगरसारख्या जुन्या आजारांना सुरुवातीला प्रतीक्षाकाळ असतो, तो नोकरीत असताना सरू दे.

शेवटी वहिनींचं. तुम्ही लिहिलंय, 'तिला उगाच टेन्शन नको.' भाऊ, १९ वर्षांत तुमच्या रात्रपाळ्या त्यांनी मोजल्यात. तुम्ही घरी नसताना पोरगी एकटीने वाढवलीय. गेले तीन महिने तुम्ही एकही रात्रपाळी केलेली नाही आणि दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडता. त्यांना काही कळलं नसेल असं खरंच वाटतं तुम्हाला? त्यांना कळलंय, फक्त काय ते कळलेलं नाही, आणि त्या बहुधा याहून वाईट काहीतरी समजून बसल्यात. माझ्या नवऱ्याने तर मला आजार झालाय असं धरलं होतं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे आणि बाहेर येऊन बटाट्याची भाजी करायचे.

मुलीची परीक्षा आहे म्हणून तिला तपशील नको, पण 'बाबांच्या कंपनीत काम कमी आहे, आपण बघतोय' एवढं तिलाही सांगा. बारावीच्या मुलांना घरातली कुजबुज अभ्यासापेक्षा जास्त ऐकू येते. वहिनींना मात्र सगळं सांगा. पगाराची स्लिप, कर्जाचा कागद, ग्रॅच्युइटीचा आकडा समोर ठेवून. रविवारची वाट बघू नका, आज सांगा. कदाचित त्या म्हणतील की शिवणाचं काम वाढवते, कदाचित माहेरी फोन करतील, कदाचित आधी भांडतील की इतके दिवस का लपवलं. भांडू द्या, त्यांचा हक्क आहे तो.

आणि मला दोन गोष्टी पाठवा: नेमणूकपत्रातलं बदलीचं कलम जसंच्या तसं उतरवून, आणि गेट रजिस्टरप्रमाणे कायम माणसं किती आहेत तो आकडा. कंपनीचं नाव झाकून पाठवा. अप्रूव्हलचं काय तेही कळवा. त्या राहिलेल्या नोंदीचं काय केलंत ते मात्र मला लिहू नका, क्यूएला सांगा.